ल्यूल्यूला मराठी येत नाही

लहान मुलांना फ्रेंच शिकवताना चित्रातलं एखादं लाडिक पात्र मध्ये आणावं, या कल्पनेला माझा बरीच वर्षं विरोध होता. शिक्षकांच्या बैठकांत मी तो बोलून दाखवत असे आणि पालकांनी विचारलं तर त्यांनाही स्पष्ट सांगत असे. आज पुण्यातल्या माझ्या सहा-सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात ल्यूल्यू नावाचा एक कोल्हा आहे. जाड कार्डावर रंगवलेला, लाकडी पट्टीवर चिकटवलेला. त्याच्याशिवाय तो वर्ग घ्यायची आता माझी तयारी नाही. ज्या शिक्षकांशी आणि पालकांशी मी इतकी वर्षं वाद घातला, त्यांना मत का बदललं हे नीट सांगणं मी माझं देणं समजते.

आधी विरोधाची कारणं सांगते, कारण ती मला आजही हलकी वाटत नाहीत.

मी फ्रेंच शिकायला लागले ती अकरावीत. आपल्याकडे अकरावीला फ्रेंच घेणारी पुष्कळ मुलं 'स्कोअरिंग' म्हणून घेतात, तशीच मीही घेतली. क्रियापदांचे तक्ते, उताऱ्यांची भाषांतरं, गाळलेल्या जागा. पण त्या तक्त्यांनीच मला भाषेची गोडी लावली. पुढे एम.ए. केलं, कादंबऱ्या वाचल्या, शिकवायला लागले. भाषा ही मन लावून, कष्ट करून मिळवायची गोष्ट आहे, असं मी मानत आले आणि अजूनही मानते. त्याच सुमारास लहान मुलांसाठी फ्रेंचचे वर्ग वाढू लागले. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हसरा प्राणी, सीडीत त्याची गाणी, वहीवर त्याचे स्टिकर. अशा एका वर्गातून काही मुलं माझ्याकडे आली. रंग, आकडे, प्राणी सगळं घडाघडा म्हणत होती. तहान लागली तर पाणी मागणं मात्र त्यांना फ्रेंचमध्ये जमत नव्हतं. त्यांना एक यादी पाठ होती आणि ती त्या प्राण्याच्या नावावर खपली होती.

दुसरा आक्षेप याहून मूलभूत होता. बीबीसीने 1986 साली इंग्रजी शिकवण्यासाठी 'मझी' नावाचं एक पात्र आणलं. घड्याळं खाणारा मोठा, केसाळ, हिरवा प्राणी. जगभर तो लोकप्रिय झाला आणि मग त्याच चित्रांना फ्रेंच आणि इतर भाषांचे आवाज चढले. चित्र तेच, गोष्ट तीच, भाषा बदलायची. हे पाहून मला वाटे, कुठलीही भाषा ज्याच्या तोंडी बसते, त्याच्या तोंडी कुठल्याच भाषेचं स्वतःचं असं काय उरतं? शिवाय मुलाला भाषेकडे न्यायला लालूच का दाखवावी? औषधावर साखर लावतात तशी भाषेवर चित्राची साखर लावली, तर मूल साखर चाटेल आणि उरलेलं थुंकून टाकेल, अशी मला भीती होती.

या मताला पहिला धक्का बसला तो फ्रान्समध्ये. प्रशिक्षणासाठी गेले असताना तिथल्या एका 'एकोल मातेर्नेल'मध्ये, म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शाळेत, मागे बसून वर्ग पाहायची संधी मिळाली. फ्रान्समध्ये 2019 पासून तिसऱ्या वर्षापासूनचं शिक्षण सक्तीचं आहे, त्यामुळे ही शाळा हा तिथल्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या आयुष्याचा भाग आहे. अशा बऱ्याच वर्गांत एक 'मास्कोत' असतो. मी पाहिलेल्या वर्गात तो कापडी ससा होता. दप्तरं अडकवायच्या खुंट्यांत एक खुंटी त्याच्या नावाची होती. सकाळी हजेरी घेताना त्याचंही नाव घेतलं जायचं. शुक्रवारी तो एका मुलाबरोबर घरी जायचा, सोबत एक वही. शनिवार-रविवारी त्याने काय केलं ते आईवडिलांनी मुलाच्या सांगण्यावरून वहीत लिहायचं, मुलाने चित्र काढायचं, फोटो चिकटवायचा. सोमवारी ते मूल सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि वर्ग त्याला प्रश्न विचारायचा. तो कुठे झोपला? त्याने काय खाल्लं? मांजराला घाबरला का?

त्या मुलांची फ्रेंच ही मायबोली होती, तरीही त्यांच्या बाईंना त्या सशाची गरज वाटत होती. मुलांना आकर्षित करायला तो आणलेला नव्हता. मुलं तशीही रोज येतच होती. ससा असल्यामुळे मुलाकडे सांगण्यासारखं काहीतरी असायचं आणि ते ऐकायला ज्यांना ते माहीत नाही असे लोक समोर असायचे.

त्याच वर्गात आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. एका मुलाचं नाक वाहत होतं, दुसऱ्याच्या जाकिटाची चेन अडकली होती. बाई सहज बोलून गेल्या, आणि मला ते शब्द आधी कधी तोंडाने म्हणावे लागलेच नव्हते हे जाणवलं. 'मूश-त्वा', म्हणजे नाक शिंकर, हे फ्रेंच मूल रोज ऐकतं, मी एम.ए.पर्यंत फ्रेंच शिकले तेव्हा कुणी मला ते म्हणालं नव्हतं आणि मीही कुणाला म्हणाले नव्हते. भाषेची ही तळमजल्यावरची खोली आमच्या अभ्यासक्रमात नव्हतीच.

ती मला सापडली चित्रांच्या पुस्तकांत. 'पोम दापी' या फ्रेंच बालमासिकात 1975 पासून 'पती उर्स ब्रुं' नावाचं तपकिरी अस्वलाचं पिल्लू आहे. तिएरी कुर्तँ यांचा 'चुपी' 1992चा. बेनेदिक्त गेतिए यांचं 'त्रोत्रो' हे गाढवाचं पिल्लूही तिथल्या मुलांना चांगलं ठाऊक आहे. या पुस्तकांत साहसं नसतात. पिल्लाला आंघोळ करायची नसते, सूप नको असतं, बूट उलटे घातलेले असतात, मित्राने चेंडू घेतलेला असतो, दिवा घालवला की भीती वाटते. वाक्यं छोटी आणि बहुतेक वर्तमानकाळातली असतात. अशी पुस्तकं पूर्वी मी उघडूनही पाहत नसे. आता एकेक वाचत गेले तसं कळलं, की फ्रेंच घरात मूल जी भाषा पोटात घेऊन शाळेत येतं, ती इथे पानापानावर आहे आणि ती या पिल्लांच्या अंगावर बसलेली आहे. कुठलीही भाषा ज्यांच्या तोंडी बसेल अशी ही पात्रं मला वाटली नाहीत. सूप नको म्हणून रुसणारं ते अस्वल फ्रेंच घरातच वाढलेलं आहे.

तरीही एक प्रश्न शिल्लक होता. फ्रेंच मुलाला ते पुरतं; पुण्यातल्या मुलाला का पुरावं? त्याचं उत्तर मला शंभराहून अधिक वर्षं जुन्या एका पुस्तकात मिळालं. ज्यूल रोंजा हे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ. त्यांची पत्नी जर्मन. मुलगा लुई झाला तेव्हा मोरिस ग्रामों या भाषाशास्त्रज्ञाने त्यांना सल्ला दिला, की वडिलांनी मुलाशी फक्त फ्रेंच बोलावं आणि आईने फक्त जर्मन. सरमिसळ करू नये. रोंजांनी तो पाळला, मुलाच्या बोलण्याच्या बारीक नोंदी ठेवल्या आणि 1913 साली त्या प्रसिद्ध केल्या. लुई दोन्ही भाषा नीट शिकला. 'एक माणूस, एक भाषा' हे सूत्र घराघरांत पुढे गेलं ते तिथून. त्याची तंतोतंत सक्ती करावी का, यावर आज मतभेद आहेत. पण मूल भाषेला माणसाशी जोडतं, ही त्यातली गोष्ट मला लख्ख पटली. मुलाच्या लेखी भाषा म्हणजे 'बाबांशी असं बोलायचं असतं' इतकंच असतं.

आता माझा वर्ग पाहा. मी मराठी बोलते हे मुलांना पक्कं ठाऊक. त्यांच्या आयांशी मी दारात मराठीत बोलते. त्या मुलाने मला फ्रेंचमध्ये पाणी का मागावं? मी 'फ्रेंचमध्ये सांग' म्हटलं, की मूल सांगतं, पण ते माझी आज्ञा पाळतं. त्याला माझ्याकडून जे हवं असतं त्यासाठी फ्रेंचची काडीचीही गरज नसते. वर्गात अशी एकही व्यक्ती नव्हती जिला फक्त फ्रेंच कळतं. मीच ती व्यक्ती व्हायचं ठरवलं असतं, तर ते खोटं ठरलं असतं, आणि रडणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाशी मराठी न बोलणं मला क्रूर वाटतं. तेव्हा दुसरं कुणीतरी हवं होतं.

म्हणून ल्यूल्यू आला. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने तो काढून दिला. कोल्हा निवडला, कारण मध्ययुगातल्या रनारच्या कथांपासून ला फोंतेनच्या बोधकथांपर्यंत फ्रेंच मुलांच्या जगात कोल्ह्याची वस्ती जुनी आहे. त्याचे दोन चेहरे आहेत, एका बाजूला डोळे उघडे आणि दुसऱ्या बाजूला मिटलेले. त्याचा नियम एकच: त्याला मराठी येत नाही, हिंदी येत नाही, इंग्रजीही येत नाही.

मुलं हे खरं मानतात का? मानत नाहीत. आवाज माझाच आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून दिसतं. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. रामदास पाध्यांच्या मांडीवरच्या अर्धवटरावाकडे आपण मोठी माणसंही तसंच पाहत आलो. कोण बोलतंय ते माहीत असतं, तरी उत्तर द्यायचं ते बाहुल्याला. माझ्या वर्गातला एक बोलघेवडा मुलगा माझ्या प्रत्येक फ्रेंच प्रश्नाला मराठीत उत्तर द्यायचा. ल्यूल्यू आल्यावर त्याने नेहमीप्रमाणे मराठीत काहीतरी म्हटलं, तेव्हा शेजारच्या मुलीनेच त्याला अडवलं, "अरे, त्याला मराठी येत नाही ना!" मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मादाम, मग तुम्ही सांगा ना त्याला." मी म्हटलं, "तुझं काम आहे, तू सांग. काय म्हणायचं ते मी तुला सांगते." त्या वाक्यात माझी जागा बदलली. तोवर मी विचारणारी होते आणि मुलं उत्तर देणारी. आता त्यांना कुणाला तरी काही सांगायचं होतं आणि मी शब्द पुरवणारी झाले.

त्याला काय सांगायचं होतं? शेजाऱ्याने त्याचा लाल खडू घेतला होता. म्हणजे 'से ता म्वा', ते माझं आहे. माझ्या जुन्या पाठांत हे वाक्य फार उशिरा यायचं. स्वतःचं नाव, वय, देश, मग रंग, मग प्राणी. पण सहा वर्षांच्या मुलाची पहिली गरज 'माझं', 'नको', 'मला पण', 'आता माझी पाळी' ही असते. ल्यूल्यूपुढे तक्रारी मांडता मांडता या मुलांचा अभ्यासक्रम त्यांच्या गरजेच्या क्रमाने लागला.

मिटल्या डोळ्यांच्या बाजूचं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. भाषेच्या वर्गात आम्ही शिक्षक पोकळ प्रश्न फार विचारतो. हातात सफरचंद धरून 'याचा रंग कोणता?' असं विचारतो. मला रंग दिसतोय हे मुलाला दिसत असतं, म्हणून उत्तराला अर्थ नसतो. ल्यूल्यूचे डोळे मिटले, की मुलं एक वस्तू टेबलाखाली लपवतात. मग तो विचारतो: मोठी आहे का? हिरवी आहे का? तुझी आहे का? हा प्रश्न खरा असतो, कारण खेळाच्या नियमाप्रमाणे त्याला खरोखरच माहीत नसतं. मुलं 'वुई' आणि 'नों' ओरडता ओरडता पूर्ण वाक्यांवर येतात, कारण नुसत्या हो-नाहीने त्याला ते सापडत नाही.

त्याचं नावही विचार करून ठेवलं. त्यातला स्वर मराठीत नाही. ओठ 'ऊ'साठी करतो तसे गोल, पुढे काढलेले, आणि जीभ मात्र 'ई'च्या जागी. मोठ्या विद्यार्थ्यांना मी हे फळ्यावर आकृती काढून समजावत असे आणि ते लाजून अर्धवट ओठ हलवत. इथे मुलांनी 'लूलू' अशी हाक मारली तर कोल्हा वळत नाही. ओठ नीट पुढे आले आणि जीभ जागेवर राहिली, की वळतो. मुलं एकमेकांच्या तोंडाकडे पाहून तो स्वर जुळवतात.

नंतर त्याला मारगो नावाची शेळी मैत्रीण मिळाली, ती व्याकरणासाठी. तो 'ग्रां', ती 'ग्रांद', म्हणजे मोठा आणि मोठी. त्याचा हिरवा मफलर चढवला की तो 'व्हेर', तिने हिरवं घातलं की ती 'व्हेर्त'. स्त्रीलिंगात शेवटचं व्यंजन ऐकू येतं, हा नियम मी मुलांना सांगितलेला नाही. मराठी मुलाला हिरवा आणि हिरवी घरातच ठाऊक असतात, त्यामुळे शब्द माणसाप्रमाणे बदलतो याचं त्याला नवल वाटत नाही. त्याला फक्त तो बदल कानावर पडायला हवा, आणि दोघं शेजारी उभी राहिली की तो पडतो. तक्ता मी नवव्या-दहाव्या वर्षी दाखवते. तेव्हा मुलं म्हणतात, हे तर आम्हाला येतंय.

शनिवार-रविवारची वहीही मी इथे आणली. ल्यूल्यू घरी जातो. घरी कुणाला फ्रेंच येत नाही, म्हणून पालकांनी लिहायचं नाही; मुलाने फक्त चित्र काढायचं. एका मुलीच्या आजीने त्याच्यासमोर वरणभाताची वाटी ठेवली आणि तो खात नाही म्हणून त्याला रागावली. सोमवारी ती मुलगी चित्रातल्या वाटीवर बोट ठेवून मला एकेक शब्द विचारत गेली. भात, तूप, आजी रागावली. भूतकाळ ती त्या दिवशी पहिल्यांदा बोलली, कारण जे झालं होतं ते होऊन गेलं होतं आणि वर्गाला ते ऐकायचं होतं.

आता मर्यादा. त्या नीट सांगितल्या नाहीत, तर माझं मत बदललंय याचा अर्थ चुकीचा घेतला जाईल.

पडद्यावरचं पात्र हे काम करत नाही, असं मी ठामपणे म्हणते. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली अमेरिकेत नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरातल्या बाळांना मँडारिन बोलणाऱ्या व्यक्ती 12 बैठकांत प्रत्यक्ष भेटल्या, त्यांच्याशी खेळल्या, पुस्तकं वाचून दाखवली. दुसऱ्या गटाने त्याच व्यक्ती पडद्यावर पाहिल्या. प्रत्यक्ष भेटलेल्या बाळांना मँडारिनचे ध्वनी वेगळे ओळखता आले. पडद्यासमोरच्या बाळांना काहीच फायदा झाला नाही. नऊ महिन्यांचं बाळ आणि सहा वर्षांचं मूल यांत फरक आहे, पण वर्गातला माझा अनुभव त्याच दिशेचा आहे. ल्यूल्यू उत्तर देतो, थांबतो, समजलं नाही म्हणतो, चुकीचा खडू उचलतो. हे सगळं माझा हात करतो, मुलाकडे पाहून. हात काढून घेतला तर कार्ड उरतं.

तो बक्षिसं वाटत नाही. स्टिकर नाहीत, गुण नाहीत, 'ल्यूल्यूला वाईट वाटेल' अशी धमकीही नाही. त्याच्या डोक्यावर बेरे टोपी नाही आणि हातात लांब पाव नाही. फ्रेंच डाकारमध्ये, मॉन्ट्रियलमध्ये आणि पुदुच्चेरीतल्या काही घरांतही बोलली जाते, हे मुलांना त्याच्याकडूनच कळायला हवं. तो मराठीत एकदाही बोलत नाही. हे पाळणं शिक्षकासाठी कठीण आहे, कारण घाई असते, पाठ संपवायचा असतो. पण एकदा तो मराठीत बोलला, की मुलांसाठी तो करार मोडतो आणि पुन्हा जोडता येत नाही.

आणि तो कायमचा नाही. नवव्या-दहाव्या वर्षी मुलांना त्याच्याशी बोलायला नको वाटतं. त्यांनी तसं वाटून घ्यायलाच हवं. तेव्हा मी त्याला त्यांच्या हाती देते. मुलं त्याच्या गोष्टी लिहितात, चित्रकथा काढतात, लहान वर्गाला वाचून दाखवतात. ज्याच्याशी बोलत होती त्याच्याविषयी ती लिहू लागली, की वाक्यं लांबतात आणि व्याकरणाची गरज त्यांची त्यांनाच वाटू लागते. कष्ट करून भाषा मिळवायची ही माझी जुनी श्रद्धा तिथे अगदी शाबूत उभी राहते.

माझे जुने आक्षेप मी मागे घेतलेले नाहीत. दुकानातला हसरा प्राणी, यादी पाठ करून घेणारी गाणी, चित्राच्या आडून विकलेला पोकळ पाठ यांना माझा आजही विरोध आहे. मात्र मूल आणि भाषा यांच्यामध्ये मी तेव्हा चित्र पाहत होते. आता मला तिथे एक श्रोता दिसतो.

सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी 'डेल्फ प्रिम' ही परीक्षा आहे, आणि बरेच पालक पहिल्या भेटीतच विचारतात, मुलगी परीक्षेला कधी बसेल, आत्तापर्यंत तिला किती शब्द येतात. मी त्यांना परीक्षेची माहिती देते आणि सोबत एक प्रश्न त्यांच्यासाठी ठेवते: तिच्या आयुष्यात फ्रेंच बोलावं लागेल असं कोण आहे? घरात आत्या-काका पॅरिसला असतील, शेजारी फ्रेंच कुटुंब असेल, तर उत्तमच. त्यांच्याशी तिला बोलू द्या. कुणीच नसेल, तर तुमच्या मुलीचा शिक्षक निवडताना त्याच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ पाहू नका. एक तास वर्गात मागे बसा आणि मुलं कुणाशी बोलतात ते पाहा. नव्या शिक्षकांनाही मी अभ्यासक्रम आखण्याआधी हेच ठरवायला सांगते. बोलायला कुणीतरी मिळालं, की शब्द किती आणि कुठल्या क्रमाने हवेत ते मुलंच शिक्षकाला सांगतात.